राऊतबाईंनी ओळखलेला माणूस

राऊतबाईंची चूक झाली की ती सगळ्या तलासरीला कळायची. दुसऱ्या कोणी बोभाटा करायची गरजच नसे, त्या स्वतःच सांगत सुटायच्या.

मी तलासरीच्या महालकरी कचेरीत, म्हणजे धाकट्या मामलेदार कचेरीत, कारकून म्हणून रुजू झालो तेव्हा मुंबई राज्याची दोन राज्यं होऊन वर्ष झालं असेल नसेल. गाव म्हणजे हमरस्त्याच्या कडेची दहावीस दुकानं, कचेरी, पोलीस ठाणं, शाळा आणि आठवड्याचा बाजार. नव्या नोकरदाराला खोली मिळणं मुश्कील. मला मिळाली ती शाळेमागच्या चाळीत, राऊतबाईंच्या भिंतीला भिंत लागून. बाई प्राथमिक शाळेत मास्तरीण. वय पंचेचाळिशीच्या आसपास, उंच, हाडापेराने मोठ्या, आणि बाराही महिने काखेत काळी छत्री. माहेर-सासर दोन्ही वाढवणकडचं. नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच गेला, मग ट्रेनिंग करून त्या नोकरीला लागल्या होत्या.

मी आलो त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस, वाण्याच्या दुकानासमोर ही गर्दी. बाई छत्री टेकत आल्या आणि वर्गात बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, “शेठ, परवा मी म्हणाले, तुम्ही रॉकेलमध्ये पाणी घालता. घालत नाही तुम्ही. माझीच वात भिजली होती. चूक माझी.”

दुकानदार गुजराती. बिचारा गांगरून गेला. ज्यांच्या ध्यानीमनी नव्हतं त्यांनाही आता रॉकेलचा संशय यायला लागला. “धीमे बोलो ने, बेन,” तो हात जोडून म्हणाला, “लोको शुं समजशे?”

“समजू देत की! हळू सांगितलेली चूक पुन्हा होते, शेठ,” असं म्हणून बाई चालत्या झाल्या.

दुसरी गोष्ट आमच्या महालकरी साहेबांच्या मुलीची. ती चौथीत बाईंच्या वर्गात होती आणि सहामाहीत पहिली आली. साहेबांनी कचेरीत पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई बंगल्यावर हजर. साहेब फौजदारांबरोबर चहा घेत होते.

“गणिताचे दोन मार्क परत न्यायला आले आहे,” बाई म्हणाल्या. “बेरीज माझी चुकली.”

“राहू द्या हो बाई, दोन मार्कांनी काय होतंय?”

“दोन मार्कांनीच तर ती पहिली आली आहे. खरी पहिली दुसरीच कोणी आहे.”

पोरीने रडून गोंधळ घातला. बाईंनी तिला मांडीवर घेतलं, चिकू सोलून भरवला, पण मार्क नेले ते नेलेच. साहेबांनी महिनाभर ही हकीकत येईल त्याला ऐकवली. आम्ही कारकून मंडळी हसायचो. बाईंची नक्कल मी बरी करत असे. छत्रीऐवजी रूळ काखेत धरायचा आणि “चूक माझी!” म्हणून ओरडायचं. कचेरीत माझा भाव त्या नकलेनेच वाढला होता.

बाईंना हे माहीत होतं की नाही, देव जाणे. माझ्याशी त्या मायेनेच वागत. वाढवणहून सुका जवळा आला की चटणीची वाटी ओट्यावरून माझ्याकडे सरकायची. “वसंता, भाकरी आहे का तुझ्याकडे? नुसती चटणी खाऊ नको, पोट धरून बसशील.” माझं अक्षर चांगलं होतं, त्याचं त्यांना फार कौतुक. मात्र कौतुकालाही शेपूट असायचंच. “मोत्याच्या दाण्यासारखं लिहितोस रे, पण लिहिताना सगळा वेळ खाली बघतोस. समोर काय चाललंय ते बघून लिहावं माणसाने.”

शाळा आणि चाळ यांच्यात एक कुडाची भिंत, त्यामुळे मी रजेवर घरी असलो की मला त्यांचा वर्ग आयताच ऐकू यायचा. त्यांचा एक धोशा असे. पाड्यांवरची पोरं आली की बुजून गप्प बसायची. काही विचारलं तरी पाटीवर रेघ ओढत नसत. बाई सांगायच्या, “पाटी कोरी ठेवायची नाही. चुकलं तर पुसता येतं. कोऱ्या पाटीवर मी काय तपासू? सुचेल ते लिहा, पण लिहा.” पोरं लिहायला लागली. डहाणूहून तपासणीला आलेले साहेबही म्हणाले, की या शाळेतलं एकही मूल प्रश्न सोडत नाही. बाईंना त्याचा अभिमान होता.

दिवाळीनंतर गवतकापणीच्या दिवसांत बाईंवर तो प्रसंग आला. झरीकडे त्यांची एक सहकारी आजारी होती, तिला बघून त्या एकट्याच पायवाटेने परत येत होत्या. दिवेलागणीची वेळ. गवतातून एक माणूस पुढे आला. हातात कोयता. त्याने बाईंचं मनगट पिरगाळलं, गळ्यातली आईची सोनसाखळी तोडली, बाईंना ढकलून दिलं आणि दिसेनासा झाला. “अगं आई गं” म्हणायला लागतो तेवढाच काय तो वेळ.

पाच-सहा दिवसांनी पोलिसांनी उधव्याकडच्या एका पाड्यावरून रूपजी नावाच्या माणसाला आणलं. कोणीतरी त्याला त्या संध्याकाळी त्या वाटेने कोयता घेऊन जाताना पाहिलं होतं. त्या दिवसांत कोयता न घेता जाणारा माणूसच लोकांच्या लक्षात राहिला असता. त्याच्या झोपडीत साखळी सापडली नाही, काहीच सापडलं नाही. म्हणजे सगळा खटला उभा राहणार तो बाईंनी त्याला ओळखण्यावर.

ओळखपरेड आमच्या कचेरीत, साहेबांच्या देखरेखीखाली झाली. तयारी माझ्याकडे होती. कायद्याने कुठे बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून मी झटलो. पोलिसांना आवाराबाहेर काढलं. दोन पंच बोलावले. गोविंदा शिपायाने बाजारातून आणि कचेरीच्या हमालांतून सहा जण जमवले, त्यांच्या पैरणी मी काढायला लावल्या, सगळ्यांच्या डोक्याला सारखी फडकी बांधली. सहाही जण अशा कामाला सरावलेले. ते खांद्याला खांदा लावून, छाती काढून उभे राहिले. एक जण तर विड्यासाठी घाई करत होता.

मग रूपजीला आत आणलं. साहेब म्हणाले, “या रांगेत तुला हवं तिथे उभा राहा. तो तुझा हक्क आहे.”

त्याला काही कळेना. गोविंदाने समजावलं, “अरं, कुठंबी ऱ्हा. मधी ऱ्हा, म्होरं ऱ्हा.”

रूपजीने रांगेकडे पाहिलं आणि तो शेवटच्या टोकाला, दाराजवळ, सहाव्या माणसापासून हातभर अंतर ठेवून उभा राहिला. हात छातीशी बांधलेले, मान खाली. त्या वर्षात मी चार परेडी पाहिल्या होत्या. चारही वेळा पाड्यावरचा माणूस शेवटालाच उभा राहिला होता. जंगलाच्या डेपोत, सावकाराच्या खळ्यात, आमच्या कचेरीच्या ओसरीवर तो जन्मभर शेवटीच उभा राहिलेला. परक्या माणसांना कोपराने सारून मध्ये घुसायचं त्याला सुचणार कसं? हे मला दिसत होतं. मी लिहिलं, ‘आरोपीने स्वखुशीने डावीकडून सातवी जागा पसंत केली.’

बाईंना बोलावलं. हात गळ्यात बांधलेला, चेहरा उतरलेला. त्या पहिल्यापासून एकेकाच्या तोंडाकडे बघत टोकापर्यंत गेल्या. तशाच परत आल्या. पुन्हा निघाल्या. चौथ्यापाशी थांबल्या, बराच वेळ. मग पुढे सरकल्या आणि एकदम साहेबांकडे वळून म्हणाल्या, “साहेब, तो यात असायलाच हवा ना?”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि समजुतीने म्हणाले, “बाई, पोलिसांनी एवढी पायपीट करून उगाच का आणलंय कोणाला? घाबरू नका. नीट बघा.”

बाई तिथेच उभ्या राहिल्या. पाटीवर लिहायला सांगितलेल्या आणि काही न सुचणाऱ्या पोरासारख्या दिसत होत्या त्या. मग सरळ टोकाला गेल्या आणि वेगळ्या उभ्या असलेल्या त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला. “हा,” म्हणाल्या.

“मी नाय, बाय,” रूपजी म्हणाला. त्याने मान वर केली नाही.

मी लिहिलं, ‘साक्षीदार बाईंनी रांगेवरून नजर टाकून, न अडखळता, सातव्या इसमाच्या खांद्यावर हात ठेवला.’ तसं लिहायला मला कोणी सांगितलं नव्हतं. आधीच्या कागदांत ते शब्द असत, लेखणीच्या टोकाशी तयार होते, वाक्यही कसं सरळ बसलं. बाईंचं साहेबांना विचारणं आणि साहेबांचं उत्तर ह्यातलं एक अक्षर कागदावर आलं नाही. साहेबांनी वाचून “छान” म्हटलं. पंचांनी सह्या केल्या. बाईंनीही वाचून सही केली.

ठाण्याच्या सेशन कोर्टात बाईंनी रूपजीकडे बोट दाखवून “हाच” म्हणून शपथेवर सांगितलं. खोटं बोलत होत्या असं नव्हे. परत आल्यावर मला म्हणाल्या होत्या, “डोळे मिटले की तोच दिसतो रे, कोयता घेऊन.” रूपजीला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली. तुरुंगातून त्याने मुंबईला अपील केलं. तिथे सरकारने त्याला एक वकील नेमून दिला. आमच्या दृष्टीने प्रकरण संपलं होतं.

मग शाळेचा टोल वाजवायची लाकडी मोगरी हरवली.

एक माणूस ती उचलून नेताना बाईंच्या वर्गातल्या पोरांनी पाहिला होता. बाजूला रस्त्याचं काम चालू होतं. हेडमास्तर तावातावाने गेले आणि तिथल्या सहा-सात मजुरांना शाळेच्या अंगणात उभं करून आले. बाईंनी पोरांना एकेक करून पाठवलं. “नीट बघा आणि दाखवा.” एका पाठोपाठ एक सगळ्या पोरांनी टोकाच्या माणसाकडे बोट दाखवलं. गंजाडकडचा किडकिडीत गडी होता तो. देवाच्या आणा घेत राहिला. हेडमास्तर त्याला फौजदारांकडे न्यायला निघणार, तेवढ्यात सुतार मोगरीला नवा दांडा बसवून घेऊन आला. सकाळी त्यानेच ती नेली होती, हेडमास्तरांनी सांगितलं म्हणून, आणि हेडमास्तर ते साफ विसरले होते. सुतार त्या रांगेत नव्हताच.

बाईंनी मजुराचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. मग पोरांना विचारलं, “तुम्ही ह्याला का दाखवलंत?”

“बाई, ह्यानेच नेली,” दोघं-तिघं तेव्हाही म्हणत होती. “मी बघितला ना नेताना.”

एक मुलगी उठून म्हणाली, “बाई, तुम्हीच सांगता ना, पाटी कोरी ठेवायची नाही.”

त्या दिवशी बाईंनी पुढे शिकवलं नाही. संध्याकाळी मी घरी आलो तर त्या ओट्यावर बसलेल्या, चूल पेटवलेली नाही. सगळी हकीकत त्यांनी मला सांगितली, पण नेहमीच्या आवाजात नाही. मग म्हणाल्या, “वसंता, मला लिहून हवंय.”

“काय?”

“तू पाहिलंस ते. मी रांगेवरून दोनदा गेले. चौथ्यापाशी थांबले. साहेबांना विचारलं आणि ते काय म्हणाले. तू तर लिहिलंयस, न अडखळता.”

“बाई, म्हणजे रूपजी तो नव्हता, असं म्हणायचंय तुम्हाला?”

“तेही म्हणत नाही रे. तो होता की नव्हता, मला ठाऊक नाही. एवढंच कोर्टाला कळवायचंय. मला ठाऊक नाही आणि तो खडी फोडतोय.”

“पण सही तुम्ही वाचून केलीत.”

“केली,” बाई म्हणाल्या. “खरं सांगू? ते वाचून मला बरं वाटलं होतं. म्हटलं, बघणाऱ्याला तरी मी ठाम दिसले.”

मी म्हटलं, साहेबांना विचारून सांगतो. विचारलं नाही. माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती, लग्न ठरलं होतं, आणि साहेबांचं उत्तर कागदावर आणणं म्हणजे साहेबांच्याच गळ्याला हात घालणं. मी कचेरीतून मागच्या वाटेने घरी यायला लागलो. बाईंच्या खोलीचं दार उघडं असलं की मी चपला हातात घेऊन ओट्यावरून जायचो. चोवीस वर्षांचा घोडा, एका बाईच्या नजरेला पडू नये म्हणून चोरासारखा चालत होतो.

बाईंनी वाट पाहिली आणि रजा काढून एकट्याच मुंबईला त्या वकिलांकडे गेल्या. परत आल्या तो रविवार होता. मी ओट्यावर आरसा टेकवून दाढी करत होतो.

“भले गृहस्थ आहेत,” बाई म्हणाल्या. “त्यांनी ऐकून घेतलं. पण म्हणाले, अपिलात कागद बोलतो. तुम्ही शपथेवर एक सांगितलंत, आता दुसरं सांगाल तर कोर्ट म्हणेल, बाईला कोणीतरी फितवलं नाहीतर धमकावलं. पण ज्याने तो कागद लिहिला त्याने प्रतिज्ञापत्र करून दिलं, तर निदान कोर्टापुढे ठेवता येईल. मानतील न मानतील, पण ठेवता येईल.” त्या थांबल्या. “वसंता, तेवढं दे करून. साहेबांकडे मी येते तुझ्याबरोबर. शिव्या मी खाईन.”

मी वस्तरा धरून आरशात बघत राहिलो. आरशात माझ्या खांद्यामागे त्यांचा चेहरा दिसत होता.

“बाई, आता इतके महिने झाले,” मी म्हणालो. “मला काही आठवत नाही.”

मला सगळं आठवत होतं. चौथ्या माणसाच्या कानातली बाळी आठवत होती. साहेबांनी घड्याळ बघितलं तेव्हा किती वाजले होते तेही आठवत होतं. मी सपशेल खोटं बोललो, आणि बोलताना आवाज जरासुद्धा हलला नाही, याची मला आजही शरम वाटते.

बाई आपल्या दाराकडे वळल्या. “बरं,” म्हणाल्या. “तुमचा चहा निवतोय.”

त्या दिवसापासून मी त्यांना ‘तुम्ही’ झालो. बोलणं बंद केलं असतं तर परवडलं असतं. चटणीची वाटी येत होती, ख्यालीखुशाली विचारणं चालू होतं, पण ते सगळं ‘वसंतराव, तुम्हाला हवी का?’ असं. एवढा मान मला कधी कोणी दिला नव्हता, आणि तो घेताना माझी मान खाली जायची.

अपील फेटाळलं गेलं. निकालाची नक्कल आली तेव्हा साहेबांनी मला मुद्दाम आत बोलावलं. ओळखपरेडीचा कागद काळजीपूर्वक आणि जागच्या जागी केलेला आहे, साक्षीदाराच्या ठामपणाविषयी शंका घ्यायला त्यात जागा नाही, अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत होतं. साहेबांनी ते दोनदा वाचून दाखवलं. “हायकोर्टाने वाखाणलं तुझं काम!” पेढे आले. मी पेढा खाल्ला. त्याच वर्षी माझी नोकरी कायम झाली.

बाईंना बातमी बाजारात कळली. मला वाटलं होतं, आता त्या चौकात उभ्या राहून सगळ्या गावाला सांगतील, माझं नाव घेऊन सांगतील. त्यांनी तसं केलं नाही. मुकाट्याने अर्ज लिहिला आणि उधव्याकडच्या, रूपजीच्या पाड्याजवळच्या शाळेवर बदली मागितली. त्या शाळेवर जायला मास्तर लोक आजारी पडत, त्यामुळे मंजुरी हातोहात मिळाली. जाताना मला जवळ्याची बरणी देऊन गेल्या. “तुमच्या मंडळींना आवडेल,” म्हणाल्या.

सामान पोचवायला गोविंदा बैलगाडीबरोबर गेला होता. त्याने परत आल्यावर सांगितलं, की बाई गाडीतून उतरल्या त्या तडक रूपजीच्या झोपडीपुढे गेल्या आणि सगळ्या पाड्यासमोर मोठ्याने म्हणाल्या, “मी चुकले. मला नीट ठाऊक नव्हतं आणि मी बोट दाखवलं.” रूपजीची बायको उखळात भात सडत होती. तिने हात थांबवला आणि म्हणाली, “मंग आता त्याला घेऊन ये.”

“मग?” मी विचारलं.

“मंग काय, साहेब? बाई उभ्याच ऱ्हायल्या,” गोविंदा म्हणाला. “ती बाई फिरून सडाय लागली.”

पुढे तिच्यासाठी दर महिन्याला तुरुंगात पत्र लिहायचं काम बाई करू लागल्या, असं कानावर येई. एवढी वर्षं चूक मोठ्याने सांगितली की ती पुसली जाते, असा त्यांचा विश्वास होता. ही पुसली गेली नाही, आणि ज्याने पुसायला हात लावायचा तो मी डहाणूला मामलेदार कचेरीत बढतीवर गेलो होतो.

पाच-सहा वर्षांनी निवडणूक आली. मतदान केंद्रांवर कारकुनांच्या नेमणुका झाल्या आणि माझ्या वाट्याला नेमकी ती शाळा आली. बदलून मागता आली असती, पण कारण काय सांगणार? आदल्या दिवशी पेट्या घेऊन आम्ही पोचलो. बाईंचे केस पांढरे झाले होते, डोळ्यांवर चष्मा आला होता. “आलात होय,” म्हणाल्या, आणि आमच्या जेवणाची व्यवस्था बघायला गेल्या.

मतदानाच्या दिवशी गावचा पोलीस पाटील तापाने आडवा झाला. मतदारांची ओळख पटवणारं कोणीतरी माहितगार हवं होतं. मी बाईंना विचारलं, “तुम्ही बसता का? तुम्ही सगळ्यांना ओळखता.”

“नाही,” त्या सर्वांदेखत म्हणाल्या. “मी कोणाची ओळख सांगत नाही. दुसरं काही काम सांगा.” आणि त्या खिडकीपाशी जाऊन आलेल्या बायकांना पाणी देत राहिल्या.

दुपारी टेबलापाशी एक माणूस आला. मी यादीवरून नजर न उचलता नाव विचारलं.

“रूपजी,” तो म्हणाला, आणि बापाचं नाव सांगितलं.

लेखणी थांबली. मी वर पाहिलं. गालफडं बसलेली, दाढीचे खुंट पिकलेले, एका डोळ्यात फूल पडलेलं. बाजारात समोर आला असता तर मी त्याला ओळखलं नसतं. त्याची उंची, वर्ण, बांधा, सगळं मी माझ्या हाताने लिहिलेलं होतं. तो मात्र माझ्याकडे निरखून बघत होता.

“साहेब, तुमीच ना ते?” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, जुनी ओळख निघाल्यासारखा विचारत होता. “तव्हां कचेरीत टेबलावर लिवत बसलेले ते?”

रांगेतली माणसं ऐकत होती. दारात शिपाई उभा होता. माझ्या बाजूला डहाणूचे दोन सहकारी बसले होते.

“नाही रे,” मी म्हणालो. “तो दुसरा कोणी असेल. कचेरीत कारकून पुष्कळ असतात.”

रूपजीने जरा विचार केला. मग मान हलवली. “आसंल, साहेब. माजी चूक झाली.”

खिडकीपाशी तांब्या ठेवल्याचा आवाज झाला. बाई वर्गातून चालत टेबलापर्यंत आल्या. किती वर्षांनी तो खणखणीत आवाज मी ऐकला.

“रूपजी, तुझी चूक नाही. हेच ते. वसंतराव. मी ह्यांना ओळखते.”

माझ्या सहकाऱ्यांना काय प्रकार आहे ते कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. रूपजीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डाव्या हाताचं बोट पुढे केलं. मी लावलेली शाई नखावरून सगळ्या बोटभर पसरली. तो शाईचं बोट वेगळं धरून पडद्याआड गेला. बाई पुन्हा खिडकीपाशी गेल्या. पुढे मतदान संपेपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी पेट्यांना मोहोर लावून आम्ही जीपमध्ये बसलो. जीप वळताना मी मागे पाहिलं. दुसऱ्या दिवशी शाळा भरायची होती, म्हणून वर्ग लावायचं काम सुरू झालं होतं. मी दिवसभर ज्या टेबलावर लिहीत बसलो होतो ते टेबल बाहेर निघत होतं. एक बाजू रूपजीने उचलली होती, दुसरी बाईंनी. “सांभाळ, उंबरा आहे,” असं बाई त्याला म्हणाल्या. मी निरोपाला हात वर केला होता. तो तसाच खाली घेतला.